मेडिकलच्या काउंटरवरून: एचआयव्हीला आपण नेमके कुठे घाबरतो?

काउंटरवाली, सोमवार, रात्री १०:१२

बडोद्यात रावपुऱ्याला आमचं मेडिकल आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता नवरा आणि मी बघतो. फार्मसीची डिग्री माझी, म्हणून भिंतीवरच्या लायसन्सवर फोटो माझा. संध्याकाळी काउंटरवर मीच असते, आणि या विषयावरचे प्रश्न नेमके तेव्हाच येतात. बाईमाणसाला विचारायला लाजत असतील असं वाटेल, पण आमच्याकडे उलटं आहे. ह्यांना विचारलं तर ओळख निघते, हे सगळ्यांच्या घरचे निघतात. मी सून, मूळची इंदूरची, मला कोणी ओळखत नाही.

नवरात्र संपल्यापासूनचा नमुना सांगते. एक काका: लारीवरच्या (हातगाडीवरच्या) न्हाव्याकडे दाढी करताना कापलं, एचआयव्हीची गोळी द्या. एक बेन: ऑफिसातला एक जण 'तसला' आहे म्हणे, त्याच्या डब्यातलं लोणचं खाल्लं, टेस्ट कुठे होते? एकाला डास. एकाला जिममधला टॉवेल. सगळे घामाघूम होऊन विचारतात.

आणि मग एक जोडपं येतं, विशी-बाविशीचं, मजेत. ७२ तासवाली गोळी द्या. देते. मुलगा जाताजाता म्हणतो, "बस, म्हणजे आता दोन्हीचं टेन्शन गेलं." दोन्ही म्हणजे मूल आणि रोग! मी थांबवून सांगितलं की ही गोळी फक्त गर्भ राहू नये म्हणून, रोगाचा हिच्याशी काही संबंध नाही. तर तो म्हणाला, पण ७२ तास तर त्यातही असतात ना? कुठेतरी पीईपीबद्दल, म्हणजे धोका झाल्यावर एचआयव्ही लागू नये म्हणून घ्यायच्या औषधाबद्दल, अर्धवट वाचलं होतं त्याने. दोन वेगळी औषधं, मुदत तेवढी सारखी, आणि डोक्यात एकच गोळी झालेली.

दुसरं निरीक्षण लग्न झालेल्यांचं. बायकोचं ऑपरेशन झालं की गिऱ्हाईक कंडोम घेणं बंद करतं. म्हणजे कंडोम फक्त पाळणा लांबवण्यासाठी, ही समजूत पक्की. त्यातले निम्मे महिन्यातून पंधरा दिवस फिरतीवर असतात, हेही मला माहीत असतं, कारण उलटीची आणि जुलाबाची औषधं घेऊन जातात.

तर माझं म्हणणं असं की भीती भरपूर आहे, पण जिथे लागते तिथे नाही. तुमच्याकडे काय दिसतं? आणि काउंटरवर दोन मिनिटांत, मागे रांग असताना, हे कसं समजवायचं?

---

सेवउसळ, सोमवार, रात्री १०:२०

रुमाल टाकून ठेवतो. हा धागा पळणार.

---

कारेलीबागकर, सोमवार, रात्री १०:३१

डासाचं कोडं मलाही पडतं. रक्त पितो, मग का नाही? मलेरिया होतो की.

---

ट्यूबलाइट, सोमवार, रात्री १०:४४

पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, म्हणून लिहितो. डास चावताना आधी प्यायलेलं रक्त तुमच्यात सोडत नाही, लाळ सोडतो. मलेरियाचे जंतू डासाच्या पोटात वाढून लाळेत येतात. एचआयव्हीला वाढायला माणसाच्या ठरावीक पेशी लागतात, त्या डासात नाहीत, त्यामुळे तो तिथेच पचून जातो. हा पसरतो रक्त, वीर्य, योनीतला स्राव, गुदमार्गातला स्राव आणि आईचं दूध यांतून. लाळ, घाम, अश्रू, लोणचं यांतून नाही.

न्हाव्याचंही सांगतो. शरीराबाहेर पडून रक्त वाळलं की हा विषाणू झपाट्याने निकामी होतो. लारीवरच्या वस्तऱ्याची भीती धरायचीच असेल तर हेपेटायटिस बीची धरा. तो वाळलेल्या रक्तात आठवडाभर तग धरतो. त्याची लस आहे, मोठ्यांनाही घेता येते, तीन डोस. ती घेतलेला माणूस मला क्वचित भेटतो. काकांना म्हणावं नवं ब्लेड मागा आणि लस घ्या.

---

दशांशचिन्ह, सोमवार, रात्री ११:०५

भीती कुठे किती हवी यासाठी आकडेच देतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा तक्ता आहे. गृहीत असं की समोरची व्यक्ती पॉझिटिव्ह आहे, औषधावर नाही आणि कंडोम नाही. दर १०,००० वेळांमागे अंदाजे लागण:

योनिसंभोगात पुरुषाला ४, स्त्रीला ८. गुदसंभोगात करणाऱ्याला ११, घेणाऱ्याला १३८. नशेसाठी एकच सुई वापरली तर ६३. दवाखान्यात सुई टोचली गेली तर २३. आणि दूषित रक्त चढवलं तर ९,२५०.

मुखमैथुनाला आकडा देण्याइतकाही धोका सापडत नाही, अगदी शून्य म्हणत नाहीत इतकंच. लोणचं तक्त्यात नाही.

---

गोत्रीचा_गोट्या, सोमवार, रात्री ११:१४

१०,००० मध्ये ४? म्हणजे काहीच नाही की! उगाच घाबरवतात.

---

दशांशचिन्ह, सोमवार, रात्री ११:२९

गोट्याभाऊ, विश्वामित्री नदीत उतरलेल्या प्रत्येकाला मगर धरत नाही. म्हणून तू तिथे पोहायला जातोस का?

आणि ही सरासरी आहे. लागण होऊन पहिले काही आठवडे झालेल्या माणसाच्या रक्तात विषाणू प्रचंड असतो, तेव्हा धोका कितीतरी पट वाढतो. गंमत म्हणजे तेव्हा त्याला स्वतःला पत्ता नसतो, फार तर आठवडाभर ताप येऊन गेलेला असतो. दोघांपैकी कोणाला सिफिलिस किंवा हर्पिसची जखम असेल तर पुन्हा काही पट. शिवाय ४ हा आकडा एका वेळेचा. वर्षभर आठवड्यातून दोनदा असेल तर तूच गुणाकार कर. स्त्रीचा आकडा पुरुषाच्या दुप्पट आहे, तोही बघ. धोका कोण पत्करतं आणि जास्त कोणाच्या अंगावर येतो, ते त्यात दिसतं.

---

नावनाही, सोमवार, रात्री ११:५०

आज नवीन खातं उघडलंय. शनिवारी रात्री साडेअकराच्या सुमारास कंडोम फाटला. समोरच्याचं स्टेटस माहीत नाही, ऍपवरची ओळख, आता उत्तर देत नाही. वरचा १३८ वाला आकडा माझा आहे. टेस्ट कधी करू? झोप लागत नाहीये.

---

काउंटरवाली, सोमवार, रात्री ११:५४

टेस्टचं नंतर. आधी पीईपी. ७२ तासांच्या आत पहिली गोळी पोटात जायला हवी, तुझी मुदत उद्या मंगळवारी रात्री साडेअकराला संपते. पण मुदतीपर्यंत वाट बघायची नसते, प्रत्येक तासाने तिचा उपयोग कमी होतो. सकाळी उघडताच जा.

---

निवृत्त_सिस्टर, मंगळवार, सकाळी ६:१०

आत्ता वाचलं. नावनाही बाळा, सयाजी हॉस्पिटलमध्ये एआरटी सेंटर (एचआयव्हीच्या औषधांचं सरकारी केंद्र) आहे, ओपीडीच्या वेळेत तिथे जा आणि सरळ सांग, "शनिवारी रात्री एक्स्पोजर झालंय, पीईपी हवी." हे शब्द वापर, म्हणजे आढेवेढे होत नाहीत. सरकारी साठा मुख्यतः सुई टोचलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आणि अत्याचार झालेल्यांसाठी असतो. तुला तिथून नाही मिळाली तर चिठ्ठी लिहून माग, नाहीतर खासगी फिजिशियनला गाठ. टीएलडी नावाची एकच गोळी असते, तीन औषधं एकत्र, रोज एक, २८ दिवस. औषध सुरू करताना एचआयव्ही, हेपेटायटिस बी, सी आणि किडनीची तपासणी करतात. रिपोर्टसाठी पहिली गोळी अडवू देऊ नकोस.

आणि पोहा-बिहा काहीतरी खाऊन जा.

---

फतेहगंज_नाइट, मंगळवार, सकाळी ७:३५

नावनाही, सोबत हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. मीही त्यातलाच, घाबरू नकोस. आधी पोलिसाची भीती होती, ती ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंध गुन्हा नाही असं सांगून घालवली. आता उरली ती नात्यातल्या लोकांची.

बाकीच्यांसाठी: बडोद्यात या कामाची जुनी परंपरा आहे. राजपीपळाच्या राजघराण्यातल्या मानवेंद्रसिंह गोहिलांनी २००० मध्ये लक्ष्य ट्रस्ट काढला तो पुरुष-पुरुष संबंधांतल्या एचआयव्ही प्रतिबंधासाठीच. तेव्हा आमच्याबद्दल कोणी चांगलं बोलत नव्हतं, आणि ही माणसं उद्यानांत फिरून कंडोम वाटायची.

---

वारसियाचे_तात्या, मंगळवार, सकाळी ९:०२

स्पष्ट बोलतो, राग नसावा. हे सगळे तक्ते आणि गोळ्या कशाला? सयाजीरावांच्या नगरीत हे दिवस बघायचे होते! लग्न करा, एकपत्नीव्रत पाळा, विषय संपला. कंडोम हातात दिला की माणूस नको ते करणारच.

---

सेवउसळ, मंगळवार, सकाळी ९:०६

तात्या, हेल्मेट घेतल्यावर तुम्ही मुद्दाम धडक मारता का? हलके घ्या.

---

निवृत्त_सिस्टर, मंगळवार, सकाळी ११:४०

तात्या, तुम्ही माझ्याच वयाचे दिसता, म्हणून जरा सविस्तर.

माझी बरीच नोकरी प्रसूती वॉर्डात गेली. पॉझिटिव्ह निघालेल्या गरोदर बायकांपैकी बहुतेकींनी आयुष्यात नवऱ्याशिवाय कोणाचा हात धरला नव्हता. एकपतिव्रत त्यांनी शंभर टक्के पाळलं होतं. व्रत दोघांचं असतं, आणि त्यातल्या एकाचं आपल्या हातात नसतं. त्या बायकांना कंडोम माहीत होता, घरात आणायची सोय नव्हती. "कशाला हवा? माझ्यावर संशय?" हा प्रश्न मी इतक्या तोंडून ऐकलाय! आणि ऑपरेशन झालेल्या बाईला तर मागायला कारणच उरत नाही. काउंटरवाली म्हणते ते अगदी खरं.

सुरुवातीच्या वर्षांत आमच्या हातात काही नव्हतं. औषधं बाहेर होती, पण वर्षाला लाखांत. २००१ मध्ये सिप्ला या आपल्याकडच्या औषध कंपनीच्या युसुफ हमीदांनी तीन औषधांचा कोर्स वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला तेव्हा जगभर खळबळ माजली. आपल्याकडे सरकारने १ एप्रिल २००४ पासून फुकट औषधं सुरू केली. तोवर आम्ही फक्त प्रसूतीच्या वेळी आईला आणि बाळाला नेविरापिन हे लागण रोखायचं औषध द्यायचो आणि देवावर सोडायचो.

काही उपचार नसेल तर अशा आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के. आई औषधावर असेल आणि बाळालाही सुरुवातीपासून सिरप दिलं तर ते ५ टक्क्यांच्या खाली येतं. बाळाची सहा आठवड्यांनी टाचेतून थेंबभर रक्त कागदावर घेऊन तपासणी होते, अठरा महिन्यांनी शेवटची. त्या शेवटच्या रिपोर्टला पेढे घेऊन येणाऱ्या बायका होत्या. पेढे न खाणाऱ्या सिस्टरही होत्या आमच्यात, हेही सांगते.

---

अबोली_२, मंगळवार, दुपारी १२:१५

सिस्टर, __/\\__

---

वारसियाचे_तात्या, मंगळवार, दुपारी १:२०

ताई, तुमच्या अनुभवापुढे काय बोलणार. पण मग लग्नाआधी पत्रिकेसोबत रिपोर्टच का मागू नये? दोन्हीकडचा. मुलींचंच भलं होईल.

---

ट्यूबलाइट, मंगळवार, दुपारी २:०३

तात्या, दोघांनी मिळून ठरवून करायला काहीच हरकत नाही, मी स्वतः सांगतो लोकांना. पण सक्ती करता येत नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमती घेतल्याशिवाय टेस्ट नाही आणि रिपोर्ट गुप्त. भावी सासऱ्यांच्या व्हॉट्सऍपवर पीडीएफ टाकायचा नसतो (आमच्याकडे अशी मागणी आलेली आहे).

दुसरं, रिपोर्ट कालचा असतो, लग्न आयुष्यभराचं. आणि 'कालचा'सुद्धा नाही. लागण झाल्यावर लगेच टेस्टमध्ये दिसत नाही. शिरेतल्या रक्तावर चौथ्या पिढीची टेस्ट केली, जिच्यात पी-२४ अँटिजेन (विषाणूचंच एक प्रथिन) पण बघतात, तर १८ ते ४५ दिवसांत पकडते. नुसती अँटिबॉडी बघणारी रॅपिड किट २३ ते ९० दिवस घेते. साखरपुड्याआधी आठवडाभर मित्रांसोबत कुठे जाऊन आलेल्या नवरदेवाचा रिपोर्ट निगेटिव्हच येणार, आणि तोच दाखवून पुढची वीस वर्षं कंडोमला नाही म्हणेल.

याच कारणाने हात जोडून सांगतो, फुकट टेस्ट होते म्हणून रक्तदान करू नका. रक्तपेढी एचआयव्ही, हेपेटायटिस बी, सी, सिफिलिस आणि मलेरिया तपासते, तरी विंडो पीरियडमधली (लागण झाली पण टेस्टमध्ये दिसत नाही त्या काळातली) बाटली निसटू शकते. वरचा ९,२५० चा आकडा आठवा. टेस्टच हवी तर सरकारी आयसीटीसीत (एचआयव्ही तपासणी केंद्रात) फुकट होते, समुपदेशनासकट.

---

गोत्रीचा_गोट्या, मंगळवार, दुपारी २:१०

नावनाही गेला का?

---

दांडियाबाजार, मंगळवार, दुपारी ३:३०

अवांतर आहे, पण सुईचा विषय निघालाय म्हणून. आपल्याकडे ताप आला की "डॉक्टर, सुई मारा, बाटली चढवा" ही हौस आहे ना, तिची कोणाला भीती नाही. २००९ मध्ये मोडासाला वापरलेल्या सिरिंजमधून कावीळ बी पसरली आणि माणसं दगावली, ते आपल्याच गुजरातमध्ये. २०१८ मध्ये उन्नावजवळ बांगरमऊला एचआयव्हीचा असाच प्रकार उघड झाला. माझी आई अजूनही गोळी देणाऱ्या डॉक्टरला कच्चा समजते.

---

शुभ्रकमळ, मंगळवार, संध्याकाळी ५:४८

बराच वेळ वाचत होतो. मी पॉझिटिव्ह आहे, २०११ पासून औषधावर. कसं झालं ते लिहिणार नाही, कारण त्या प्रश्नाच्या उत्तरावरून लोक ठरवतात की सहानुभूती द्यायची की नाही.

या धाग्यात सगळे 'पॉझिटिव्ह समोरची व्यक्ती' असं लिहिताय, जणू ती रस्त्यावरचा खड्डा आहे. खड्ड्याच्या बाजूने सांगतो.

रोज रात्री जेवणानंतर एक गोळी. वर्षातून एकदा व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूची मोजणी), सरकारी सेंटरमध्ये फुकट. माझा गेली कित्येक वर्षं 'आढळला नाही' असा येतो. विषाणू शरीरात आहे, पण रक्तात इतका कमी की मोजता येत नाही, आणि मग तो संबंधातून दुसऱ्याला जातही नाही. बायको निगेटिव्ह, मुलगी निगेटिव्ह, मुलगी आमच्या दोघांची.

त्यामुळे ज्याला सगळे घाबरतात तो उघड, औषधावरचा पॉझिटिव्ह माणूस सर्वात कमी धोक्याचा. ज्याने कधी टेस्टच केली नाही आणि जो स्वतःला निगेटिव्ह समजतो, त्याला कोणी घाबरत नाही.

---

कारेलीबागकर, मंगळवार, संध्याकाळी ६:०२

आदर ठेवून विचारतो, 'जातच नाही' हे जरा जास्त होत नाही का? कमी जातो म्हणा. एवढी मोठी जोखीम शब्दांवर कशी सोडायची?

---

दशांशचिन्ह, मंगळवार, संध्याकाळी ६:४०

शब्दांवर नाही. युरोपातला 'पार्टनर' नावाचा अभ्यास बघा. एक जोडीदार पॉझिटिव्ह आणि औषधावर, व्हायरल लोड मिलिलिटरमागे २०० च्या खाली, दुसरा निगेटिव्ह, कंडोम वापरत नाहीत अशी जोडपी घेतली. २०१६ मध्ये पहिले निष्कर्ष आले, ८८८ जोडपी, कंडोमशिवाय सुमारे ५८,००० वेळा संबंध. जोडीदाराकडून लागण: शून्य. मग २०१९ मध्ये ७८२ पुरुष जोडप्यांचा दुसरा टप्पा, सुमारे ७६,००० वेळा. पुन्हा शून्य. काही जणांना त्या काळात लागण झाली, पण विषाणूची जनुकीय तपासणी केल्यावर तो घरच्या जोडीदाराचा नव्हताच, बाहेरून आणलेला होता.

जागतिक आरोग्य संघटनाही २०२३ पासून हेच म्हणते.

---

सेवउसळ, मंगळवार, संध्याकाळी ६:४४

म्हणजे त्या अभ्यासात एचआयव्हीबरोबर लफडीही सापडली. शास्त्रज्ञांनी किती घरं मोडली असतील!

---

शुभ्रकमळ, मंगळवार, संध्याकाळी ७:१५

हाहा. कारेलीबागकर, विचारलंत ते बरं केलंत. अट एकच, गोळ्या चुकवायच्या नाहीत. सुरुवातीचे साधारण सहा महिने विषाणू खाली यायला लागतात, तोवर कंडोम हवाच. नंतरही आम्ही वापरतो, पण ते दुसरं मूल नको म्हणून. बाकीचे गुप्तरोग गोळीने थांबत नाहीत हेही आहेच.

या सगळ्यानंतरही एका दवाखान्यात हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख माझा रिपोर्ट बघून 'रद्द' झाली. कायद्यात असा भेदभाव चालत नाही, पण पोट दुखत असताना माणूस कायदा घेऊन कुठे बसतो! दुसरीकडे करून घेतलं.

---

पूर्वा_मांजलपूर, मंगळवार, रात्री ८:२०

मुलींच्या बाजूने एक. वर सगळीकडे 'कंडोम वापरा' लिहिलंय, वापरायचा पुरुषाने. आम्ही काय करायचं? मी पर्समध्ये ठेवते तर एकाने तोंड असं केलं की बस. "तुझ्याकडे कसा?" अरे, तुझ्याकडे नाही म्हणून!

आणि पाकिटात महिनोन्महिने ठेवलेला काढू नये कृपया. उष्णतेने आणि घासून खराब होतो. बडोद्याच्या मे महिन्यात मागच्या खिशात काय होत असेल त्या बिचाऱ्याचं.

---

फतेहगंज_नाइट, मंगळवार, रात्री ८:५५

पूर्वा +१. फाटण्याचं आणखी एक मोठं कारण असतं: खोबरेल तेल, व्हॅसलीन, बेबी ऑइल. लॅटेक्स तेलाने मिनिटभरात कमकुवत होतं, डोळ्यांना काही दिसत नाही. पाण्याचा किंवा सिलिकॉनचा जेल घ्यायचा. दोन कंडोम एकावर एक चढवले की दुप्पट सुरक्षा, हाही गैरसमज आहे. एकमेकांवर घासून जास्त फाटतात.

शिवाय प्रेप आहेच. निगेटिव्ह असताना रोज एक गोळी, टेनोफोव्हिर आणि एम्ट्रिसिटाबिनची. नियमित घेतली तर संबंधातून होणारी लागण ९९ टक्के रोखते. डॉक्टरकडून, आधी एचआयव्ही आणि किडनीची टेस्ट करून, पुढे दर तीन महिन्यांनी टेस्ट. मनाने सुरू करायची नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेने वर्षातून दोनदा घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनलाही परवानगी दिली. दांडियाबाजारच्या आईंना हे आवडेल.

---

दांडियाबाजार, मंगळवार, रात्री ८:५९

😂 सांगतो तिला. सुई म्हटल्यावर कशाची ते विचारणारही नाही.

---

नावनाही, मंगळवार, रात्री ९:३०

सगळ्यांना एकत्रच लिहितो. आधी घराजवळच्या एका खासगी डॉक्टरकडे गेलो, त्यांनी "महिन्याने टेस्ट करून या" म्हणून परत पाठवलं. सिस्टर, तुमचं वाक्य तिथे चाललं नाही. मग एआरटी सेंटरला गेलो, तिथे चाललं. चिठ्ठी मिळाली, दुपारी तीन वाजता पहिली गोळी घेतली. आजची टेस्ट निगेटिव्ह आहे, पण ती शनिवारच्या आधीची स्थिती दाखवते हे तिथल्या समुपदेशकाने समजावून सांगितलं. थोडी मळमळ आहे.

फतेहगंज_नाइट सोबत आले होते. आम्ही खरंच सेव उसळ खाल्ली.

---

सेवउसळ, मंगळवार, रात्री ९:३२

माझं नाव सार्थकी लागलं. तर्री किती घेतलीस ते सांग, मळमळीचं कारण सापडेल.

---

काउंटरवाली, मंगळवार, रात्री १०:२५

नावनाही, छान केलंस. एक औषधवालीची सूचना: कॅल्शियम, लोहाची गोळी किंवा ऍसिडिटीचं पातळ औषध यांच्यासोबत ही गोळी घेऊ नकोस, तिच्यातलं डोलुटेग्राविर हे औषध नीट शोषलं जात नाही. ही गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घे. मळमळली म्हणून मधेच सोडू नकोस. २८ म्हणजे २८. आणि तोवर कंडोम, अर्थात.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. काल रात्रीपासून तुमचे प्रतिसाद वाचून आज काउंटरवर एक प्रयोग केला. ७२ तासवाली गोळी मागायला आलेल्या मुलीला नुसतं विचारलं, "मुलाचीच काळजी आहे, की दुसरीही?" ती थांबली. मग बोललो आम्ही, रांग थांबली तर थांबली. तिला एचआयव्ही हेल्पलाइनचा १०९७ नंबर लिहून दिला, फुकट आहे, नाव विचारत नाहीत. भाषण देण्यापेक्षा हा एक प्रश्न बरा पडतोय.

वस्तऱ्यावाल्या काकांना हेपेटायटिसच्या लसीचं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे एचआयव्ही नाही ना? मग राहू दे."

---

ट्यूबलाइट, मंगळवार, रात्री १०:३१

काका 😭

---

पूर्वा_मांजलपूर, मंगळवार, रात्री १०:४०

ताई, कंडोम काउंटरच्या खाली ठेवता की समोर? आमच्या कोपऱ्यावरचा दुकानदार खालून काढतो आणि वर्तमानपत्रात असा गुंडाळतो की अख्ख्या रांगेला कळतं.

---

काउंटरवाली, मंगळवार, रात्री १०:५२

आजपासून समोर, च्यवनप्राशच्या शेजारी. पाण्याचा जेलही तिथेच. सासरे दुपारी येऊन बघून गेले, काही बोलले नाहीत, फक्त च्यवनप्राश वरच्या फळीवर सरकवून गेले.

---

वारसियाचे_तात्या, मंगळवार, रात्री ११:१०

माझा पुतण्या पुढच्या महिन्यात नोकरीसाठी सुरतेला एकटा राहायला चाललाय. त्याच्याशी असं बोलणं आम्हाला जमणार नाही. हा धागा त्याला पाठवला तर चालेल का? माझे प्रतिसाद उडवता येतात का आधी?

---

सेवउसळ, मंगळवार, रात्री ११:१३

तात्या, ते राहू द्या. पुतण्या तेच आधी वाचेल.

---

नवा_सदस्य_मकरपुरा, मंगळवार, रात्री ११:४०

दुकान रविवारी उघडं असतं का? नवरा असतो का तेव्हा काउंटरवर?

---

काउंटरवाली, मंगळवार, रात्री ११:४६

दुपारी १ पर्यंत उघडं. रविवारी ते झोपतात, मीच असते. पत्ता व्यनि करते.